डॉक्टरसाहेबांचा केसपेपर

ढोरांच्या दवाखान्यात जन्म गेला की दोन गोष्टी अंगाला चिकटतात, फिनेलचा वास आणि किस्से. वास आंघोळीनं थोडा तरी जातो, किस्से मात्र साठतच राहतात! आमच्याकडं डॉक्टर पुष्कळ आले नि गेले. पण नातवंडं माझ्याभोवती बसली, की त्यांना हवे असतात ते सहस्रबुद्धे डॉक्टरच.

आटपाडीच्या पुढं माळावर आमचा दवाखाना. मी तिथं ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, जनावर धरायचं आणि पेटी घेऊन डॉक्टरांच्या मागं पायपीट करायची. दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराला हे आले. कुटुंब मुलांच्या शाळेसाठी सांगलीला, हे दवाखान्यामागच्या खोलीत एकटे. बैल फाटकातून आत येतानाच सांगायचे, "उजव्या मागच्या खुरात काटा आहे." काटा निघायचाच!

अशा माणसाला वर्षातून दोन-तीनदा एक दुखणं यायचं. ताप नाही, खोकला नाही. नुसते आडवे व्हायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे. या दुखण्यावरची जाडजाड इंग्रजी पुस्तकं त्यांनी वाचून काढली होती. मला म्हणायचे, "पांडबा, आडनावात हजार बुद्धी आहेत. पण सकाळी खाटेवरून पाय खाली टाकायला त्यातली एकही उपयोगी पडत नाही."

* * *

बिरूबा म्हणून एक म्हातारा धनगर होता. मेंढरं घेऊन यायचा आणि डॉक्टरांवर त्याचा फार जीव. एकदा त्यानं डॉक्टरांचा पडलेला चेहरा पाहिला.

"आवं सायेब, काय हुतंय तुमास्नी?"

डॉक्टरांनी दुखण्याचं इंग्रजी नाव सांगितलं, "मेलंकोलिया."

बिरूबानं झटकन डोक्याचा पटका काढून हातात घेतला. गंभीर होऊन विचारलं, "मेलं कोन?"

डॉक्टर त्याच्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "अजून कुणी नाही, बिरूबा." आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसले. मला मात्र तो 'अजून' काही आवडला नाही.

* * *

आमच्याकडं जनावरांचं एक रजिस्टर असायचं. एका सोमवारी मी ते उघडलं, तर शेवटची नोंद डॉक्टरांच्या सुरेख अक्षरात होती.

'जनावर : नर. जात : कोकणस्थ. वय : अडतीस. चारा : टाकला आहे. रवंथ : अखंड. रोग : पूर्ण समजला आहे. त्याचा उपयोग : काही नाही.'

मी घाबरलो. वरचे साहेब तपासणीला आले तर काय सांगायचं? पान फाडू का म्हणून विचारलं.

"फाडू नकोस," डॉक्टर म्हणाले. "या रजिस्टरात इतकं अचूक निदान दुसरं नाही!"

* * *

आमचा शिपाई किसन लढाईत खेचरांच्या पलटणीत हवालदार होता. ब्रह्मदेशात त्याचं खेचर त्याच्यासमोर दरीत गेलं. परत आला तेव्हा अन्न गोड लागेना, कुणाशी बोलेना. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून तासभर समजावलं. मन कसं थकतं, झालेल्या गोष्टीचं ओझं माणूस कसं वाहत राहतो, त्यात त्याचा दोष का नाही. इतकं छान सांगितलं, की दाराशी उभ्या असलेल्या माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"समजलं का, किसन?"

"व्हय सायेब. लय झ्याक समजलं."

"मग? बरं वाटतंय?"

किसननं प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाई सायेब. पन बरं का वाटत न्हाई, त्ये कळलं."

डॉक्टरांनी उठून त्याच्याशी हात मिळवला. "शाबास! एवढं कळायला मला पाच वर्षं लागली."

त्या दिवसापासून ते दोघं रोज संध्याकाळी पायरीवर चहा पीत बसायचे. बोलायचे काहीच नाहीत. पण किसन हळूहळू जेवायला लागला.

* * *

दुखण्यात असतानाही हा माणूस कामाला नाही म्हणाला नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. एकदा एक गाय अडली. वासरू पोटात उलटं. डॉक्टर तीन दिवस उपाशी, उभं राहताना झोक जात होता. तरी दोन कोस चालत आले, खांद्यापर्यंत हात घातला आणि अर्धा तास खटपट करून वासरू फिरवलं. बाहेर आलं ते जिवंत! गायवाल्या बाईनं डॉक्टरांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

परत येताना म्हणाले, "आत काय उलटं आहे ते इथं हाताला लागलं, म्हणून फिरवता आलं. माझ्या डोक्यातलंही सगळं मला ठाऊक आहे रे. पण तिथं हात कुठून घालू?"

मी त्यांची पेटी घेतली होती, आता काठीही घेतली आणि त्यांना माझा खांदा दिला.

* * *

दवाखान्यात विषारी औषधांचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली डॉक्टरांकडं असायची. एका सकाळी त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली.

"ही तुझ्याकडं ठेव. काही लागलं तर तू काढून दे. मी मागितली तर द्यायची नाही. आणि लक्षात ठेव, मागताना मी फार पटेल असं बोलेन."

आठव्या दिवशी खरंच मागितली. आणि काय बोलले म्हणता! नियम काय, जबाबदारी कुणाची, मी साधा ड्रेसर असून किल्ली ठेवणं कसं बेकायदेशीर आहे. एकेक मुद्दा बिनतोड.

सगळं ऐकून मी म्हणालो, "सायेब, लय पटलं बघा. न्हाई देत."

ते मटकन खाली बसले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून रडले. स्वतःच्या विरुद्ध असा पहारा आधीच बसवून ठेवणारा धीराचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

* * *

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दुखणं फारच जोरात आलं. डॉक्टर पाच दिवस खाटेवरून उठले नाहीत. पाणीसुद्धा मी चमच्यानं पाजत होतो. हा माणूस आता हातचा जातो, असं मला वाटायला लागलं. सहाव्या दिवशी सकाळी बिरूबा थेट खोलीत आला.

"सायेब, बैल बसला. उटंनाच. काय करू?"

डॉक्टरांनी तोंड वळवलं नाही, पण भिंतीकडं बघतच बोलायला लागले. "दिवसातून चार वेळा उभा करा. दोघं इकडून, दोघं तिकडून."

"आनि न्हाई ऱ्हायला हुबा तर?"

"पडू द्या. पुन्हा करा. बसून राहिलेलं जनावर बसण्यानंच जातं."

"त्येच्या मनातच नसंल उटायचं तर?"

"त्याला विचारायचं कशाला?"

बिरूबानं घोंगडं खाली ठेवलं. मला मानेनंच पलीकडच्या बाजूला ये म्हणून खुणावलं. आणि खाली वाकून डॉक्टरांच्या काखेत हात घातला! मीही घातला. उचललं. "अहो, हे काय..." म्हणेपर्यंत डॉक्टर उभे होते. गुडघे लटपटत होते, दाढी वाढलेली, केस पिंजारलेले. मी दहा मोजेपर्यंत उभे राहिले, मग खाली बसले.

"ह्यो पयला," बिरूबा म्हणाला. "दुपारच्याला येतो."

मी त्याच्या मागोमाग बाहेर धावलो. "बिरूबा, थांबा! बैलाला उचलाय दोरखंड देतो, पोती देतो."

बिरूबानं घोंगडं खांद्यावर टाकलं.

"कंचा बैल रं? माजा बैल चरतोय की तितं बांदाला."