तळाच्या माशांच्या मॅडम

“वरचा नको, तळाचा दाखवा!” इंदापूरच्या मासळी बाजारात आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या मॅडम टोपलीपुढं बसून हेच म्हणायच्या. चकचकीत कटला बाजूला सारून वाम, शिंगटा असले चिखलातले मासे उचलायच्या. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो. पिशवी धरायला सोबत असे.

मॅडमचं गाव लोणी भापकर, घर मेंढरं राखणारं. “आमचे आबा कळपातलं एकेक मेंढरू तोंडावरून ओळखतात,” त्या वडिलांबद्दल सांगत. “मी मासे ओळखते. फरक काय?”

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात त्यांना पार परदेशात, उत्तरेच्या थंड समुद्रात संशोधनाच्या जहाजावर जागा मिळाली. आबांनी निक्षून सांगितलं, “गेलीस तर माझ्याशी बोलू नगंस.” मॅडम रडल्या आणि गेल्या.

परत आल्या त्या नुसत्या उसळत! “अहो, जाळं वर आलं न् मी वेडीच झाले! सगळे स्कल्पिन कुळातलेच मासे, पण एक दुसऱ्यासारखा असेल तर शपथ! एकाच्या डोक्यावर शिंगं, एकाच्या अंगभर चामखिळी, एक तर नुसता लिबलिबीत गोळा. पोटात हवेची पिशवीच नाही, म्हणून असे तळाला बसतात!” आणि स्टाफरूमच्या टेबलावर दोन्ही हात पसरून, हनुवटी टेकून त्या मासा करून दाखवत. प्राचार्य दारात उभे आहेत हे त्यांच्या गावीही नसे.

आबा मात्र बोलेनात. शेवटी मॅडमनी लोणीच्या शाळेत स्लाइड दाखवायचं ठरवलं. मीही गेलो. खिडक्यांना पोती लावली, भिंतीवर चादर. आबा येऊन मागं टेकले. शिंगवाले मासे बघून पोरं ओरडत होती. मग एक चित्र आलं. दगडाच्या कपारीत अंड्यांचा पुंजका, त्याला चिकटून मोठ्या डोक्याचा मासा.

“हा बाप आहे,” मॅडम म्हणाल्या. “मादी अंडी घालून निघून जाते. राखण हाच करतो. पिल्लं निघेपर्यंत जागचा हलत नाही.”

अंधारातून आबांचा आवाज आला, “मग खातो कवा?”

मॅडम म्हणाल्या, “घावलं तर खातो, आबा.”

आबांनी उठून चादरीजवळ येऊन माशाचं तोंड निरखलं. मग म्हणाले, “तुला पुन्यांदा कवा निघायचं हाय?”

पुढं मॅडम तिकडं कायमच्याच नोकरीला गेल्या. इंदापूरच्या स्टँडवरून पुण्याची गाडी सुटली, तेव्हा आबा खिडकीतून नवंकोरं घोंगडं आत कोंबत होते. “तितं लई गार आसतंय म्हनं!” निम्मं घोंगडं बाहेरच लोंबत होतं, आणि ते आत ढकलत आबा गाडीबरोबर पळत होते.