वडाचं वावर

रस्त्यात ढमाले सरांना नमस्कार केला तर ते उत्तर देत नसत. नवख्या मुलांना वाटे, काय हा माणूस शिष्ट! पण सर तेव्हा पावलं मोजत असत. शंभर पावलं झाली की उजव्या खिशातला एक खडा डाव्या खिशात जाई. मग ते थांबत आणि म्हणत, "हं, आता बोल. मगाशी मी बोललो असतो तर मोजणी चुकून मला कोपऱ्यापासून परत यावं लागलं असतं."

ही सवय पलटणीतली. कासार आंबोलीचा हा शेतकऱ्याचा मुलगा लढाईत ब्रह्मदेशात नकाशे काढायच्या कामावर होता. परत आल्यावर शिकला आणि पुण्यात आमच्या कॉलेजात भूगोलाचा प्राध्यापक झाला. लढाईबद्दल ते एकच गोष्ट सांगत. एका नदीच्या नकाशात कुणीतरी टेबलाशी बसून पायी ओलांडण्याजोगा उतार दाखवला होता. तिथं उतार नव्हताच. सरांचे दोन सोबती वाहून गेले. त्यामुळे आम्ही वर्गात काहीही सांगितलं की सरांचा प्रश्न ठरलेला, "पाहिलंस, की बसल्या जागी ठोकून दिलंस?"

त्यांचं आजोळ मुळशीच्या धरणात गेलं होतं. त्या गावाचा नकाशा करायचा त्यांनी ध्यास घेतला होता. घरं कुठं होती, पाणवठा कुठं, कुठल्या वावराला काय म्हणत. गावातली माणसं पांगली होती, म्हातारी झाली होती. नियम एकच होता. ज्यानं ते वावर कसलं त्याच्याच तोंडून नाव घ्यायचं. सुट्टी लागली की सर आम्हा दोघातिघांना घेऊन गावोगाव हिंडत.

एका दिवाळीत त्यांनी मला एकट्याला मालेला पाठवलं. तिथं हौसाबाई राहत. नदीकाठच्या पट्टीतली वावरं तेवढ्या एकीला नीट ठाऊक होती. "म्हातारी खोकतेय रे, लांबवू नकोस," सर म्हणाले. मी पौडपर्यंत गेलो. पुढची गाडी चुकली. चार कोस तंगडतोड कोण करणार? संध्याकाळी पुण्यात नाटकाची तालीम होती आणि मला राजाचं काम मिळालं होतं! मी हॉटेलात बसून भजी खाल्ली आणि वहीत अकरा नावं लिहून टाकली. वडाचं वावर, आंबेमळा, खालची पट्टी. कुठल्याही गावात शोभतील अशी. सरांनी ती शाईनं नकाशावर चढवली. माझी पाठही थोपटली.

पौषात हौसाबाई गेल्या. माघात सरांनी मालेच्या देवळात नकाशा पसरला आणि जमलेल्या म्हाताऱ्यांना एकेक नाव वाचून दाखवलं. "व्हय, व्हय," माणसं माना डोलवत होती. वडाच्या वावराशी आल्यावर त्याच बुडालेल्या गावचे धोंडिबा उठले.

"सर, ह्ये न्हाई बरूबर. आमच्या गावात वड न्हवताच."

"हौसाबाईंनी सांगितलंय, धोंडिबा. तुम्ही तेव्हा लहान होता. विसरला असाल."

"म्या न्हाई इसरलो."

"माझ्या विद्यार्थ्यानं स्वतः जाऊन लिहून घेतलंय," सर म्हणाले. माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "आबा, बसा खाली, वय झालं तुमचं." धोंडिबांनी पागोटं सारखं केलं आणि देवळातून निघून गेले. मी सरांच्या शेजारीच बसलो होतो. एक शब्द बोललो असतो तर बास होतं.

तो शब्द बोलायला मला नऊ वर्षं लागली. तोवर मीही मास्तर झालो होतो. मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगताना माझीच मला लाज वाटायची. एका रविवारी सरांच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, कानाखाली वाजवतील. वाजवली असती तर बरं झालं असतं. सर खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "म्हणजे म्हातारा खरं सांगत होता," आणि पायात चपला घातल्या. "चल."

मालेला धोंडिबांच्या मुलानं अंगणात घोंगडी टाकली. सर बसले नाहीत. ताठ उभे राहून त्यांनी हात जोडले.

"तुमच्या वडिलांना मी चारचौघांत खोटं पाडलं. चूक माझी होती. त्यांना सांगायला आलोय."

मुलगा गोंधळला. "आवो सर, आबांना जाऊन चार वर्सं झाली." मग म्हणाला, "त्या दिसापास्नं देवळात गेलं न्हाईत. शेवटाला लई बडबडायचे. म्हनायचे, माजं गाव म्या इसरीन व्हय रं?"

सरांचे जोडलेले हात तसेच राहिले. माझं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही. आणि मी, एवढा कबुलीजबाब देऊन आलेला, त्यांच्या मागं तसाच गप्प उभा होतो.