पानाच्या शेवटची रिकामी ओळ

नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्हा नव्यांना एका थंडगार खोलीत बसवून सांगण्यात आलं की, ज्या सॉफ्टवेअरचा आतला कोड कोणीही वाचू शकतं, बदलू शकतं, वाटू शकतं, ते रस्त्यावरच्या उघड्या अन्नासारखं असतं. खाऊ नये, शिवू नये, घरी तर मुळीच आणू नये. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. अलीकडे त्याच खोलीत आम्हाला टी-शर्ट वाटण्यात आले. छातीवर लिहिलं होतं, 'आम्ही खुले आहोत'. ते घालून बाहेर पडायला मात्र दाराला कार्ड दाखवावं लागलं. दार अजून जुन्याच मताचं होतं.

कंपनी आपला जुना कोड जगासाठी खुला करणार, ही बातमी मी आमच्या पूनम सागर वसाहतीतल्या शेजारच्या गुजराती काकूंना सांगितली.

"मतलब, अब कोई भी अंदर का देख सकता है?"

"हां."

"फिर तो पहले सफाई करनी पडेगी."

कंपनीला एवढं कळायला तीन बैठका लागल्या होत्या.

सफाई करायची होती ती टिपांची. कोड लिहिणारे एकमेकांसाठी मधेमधे टिपा ठेवतात. यंत्र त्या वाचत नाही, माणसं वाचतात. बंद दाराच्या भरवशावर आम्ही त्यांत काय वाटेल ते लिहून ठेवलं होतं. 'साहेबांना हे असंच हवंय. का, ते साहेबांनाही ठाऊक नाही,' अशी एक फार सुरेख टीप मला जड मनाने पुसावी लागली. कायदा विभागाचा नियम साधा होता: शिव्या, माणसांचे उल्लेख आणि इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतलं सगळं काढा. कोडमधला छपाईचा जुना भाग माझ्याकडे आला, कारण रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी वाचणारी मीच उरले होते.

त्यात ही टीप सापडली: 'खाली एक रिकामी ओळ घातली हाय. बाजूच्या बायनं ओळी मोजताना एक कमी मोजली. तिला सांगू नका, नवी हाय. ही ओळ काढू नका.'

बाजूची बाय म्हणजे मी. पानावरच्या ओळी मोजायचा कोड तेव्हा मीच लिहिला होता.

आता इथे माझी एक ख्याती सांगायला हवी. आमच्याकडे कामात चूक सापडली की ते लिहिणाऱ्याकडे परत येतं. पहिल्या वर्षात माझं एकही काम परत आलं नव्हतं. ही गोष्ट मी दर नव्या तुकडीला ऐकवत आले होते, विचारलं नाही तरी. खुलेपणाच्या समारंभात ती मी व्यासपीठावरून सांगावी, असंही ठरलं होतं. आणि नियमाप्रमाणे ती टीप पुसणं हे माझं कर्तव्यच होतं. कर्तव्य इतकं सोयीचं क्वचितच असतं.

तरी रविवारी मी भाईंदर स्टेशनबाहेरून डोंगरी गावाची बस धरली. टीप लिहिणारे माझे तेव्हाचे वरिष्ठ निवृत्त होऊन तिथल्या आपल्या घरी राहतात. चर्चमधल्या रविवारच्या मिस्साहून येऊन, कपडे बदलून ते मागच्या वाडीत वालाच्या शेंगा तोडत होते.

"सर, पानाच्या शेवटी ती रिकामी ओळ तुम्ही घातलीत?"

"हाय अजून?" त्यांचा चेहरा खुलला.

"मला तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"तुला सांगितलं असतं त तू आठवडाभर रुसली असतीस, डबा आनला नसतास. तुझ्या डब्यावर आमी तिघं जेवायचो."

"टीप काढून टाकू?"

"टीप काढलीस त उद्या कोनीतरी हुशार येईल, म्हनंल ही रिकामी ओळ कशाला, आन काढील. मंग पानातली शेवटची ओळ गायब. इंग्रजीत लिव. चूक कोनाची ते लिव नायतर नको. ओळ का हाय, तेवढं लिव."

"एका रिकाम्या ओळीसाठी ही एवढ्या लांब आली?" त्यांच्या बायकोने विचारलं आणि शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली.

घरी येऊन मी टीप इंग्रजीत लिहिली: 'ऐतिहासिक कारणांमुळे येथे एक ओळ कमी धरली जाते, म्हणून खालची रिकामी ओळ काढू नये.' ऐतिहासिक कारणं हा शब्दप्रयोग आमच्या धंद्यात फार उपयोगी आहे. त्यात वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी आरामात लपते. समारंभात मी माझी गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. त्या मला जरा जास्तच वाटल्या.

कोड खुला झाल्यावर काही दिवसांनी कुठल्या तरी दूरच्या देशातल्या, मला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाने सगळ्यांना दिसेल अशा जागी अतिशय नम्रपणे विचारलं, "ही ऐतिहासिक कारणं कोणती, कृपया सांगाल का?"

दोन दिवस मी दुसरीच कामं काढून बसले. तिसऱ्या दिवशी आणखी दोघांनी त्याच्या प्रश्नाला वर केलेल्या अंगठ्याचं चिन्ह लावून दुजोरा दिला. कंपनीने जगाला आत बोलावलं होतं, आणि जग थेट माझ्याच टेबलापाशी येऊन उभं राहिलं होतं. मग मी लिहिलं: "मी नवीन होते. ओळी मोजताना एक कमी मोजली. माझ्या वरिष्ठांनी ती चूक सांभाळून घेतली आणि मला कळू दिलं नाही." खाली माझं नाव घातलं.

त्या माणसाने आभार मानले आणि माझी मोजणी दुरुस्त करून पाठवली. सोबत रिकामी ओळही काढली होती. आता तिची गरज नव्हती. मी तपासलं. बरोबर होतं. मंजूर केलं.

त्या सगळ्या प्रश्नोत्तरांचा फोटो मी डोंगरीला सरांना पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं.

"म्हंजे तुझं काम परत आलं म्हन. उशीर झाला, पन आलं. आता डबा घेऊन ये."