माझ्या दारावरची किणकिण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नोटीस. गणपती बसले त्या दिवशी स्मरणपत्र. घटस्थापनेच्या सकाळी प्रत्यक्ष जप्ती. जबाबदार : आमच्या पुण्यातील सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांनी सही केली, आणि सचिव, ज्यांनी मजकूर लिहिला. माझ्या दारावरची घंटी काढून नेणारा रखवालदार निर्दोष आहे. त्याने हुकूम पाळला.

चुडाव्याच्या आणि चुडावा सोडून पांगलेल्या माझ्या माणसांनो, ही घंटी तुम्ही ओळखता. आमच्या ढवळ्या बैलाच्या गळ्यातली. नोकरीसाठी निघालो तेव्हा वडिलांनी ती स्टेशनावर माझ्या हातात ठेवली. "दाराला बांध. वाजली की समजायचं, घरचं माणूस आलं," एवढेच म्हणाले. गाडी हलली आणि ती माझ्या मुठीत किणकिणली.

नोटिशीतला शब्द आहे 'घणघणाट'. इथेच त्यांचा खटला कोसळतो! घणघणाट देवळातल्या थोरल्या घंटेचा. आरतीच्या वेळी तो शेजारच्या शिवारापर्यंत जातो. शाळेत टांगलेल्या रुळाच्या तुकड्याची टणटण. काकणांची, पेल्याला लागलेल्या चमच्याची, मान हलवणाऱ्या बैलाची मात्र किणकिण! आठवा, बैल नजरेस पडण्याआधी ती अंगणात यायची आणि आई चुलीवर चहा ठेवायची.

आज माझ्या पत्नीला दिसत नाही. दार उघडले की ती किणकिणीवरून माणूस ओळखते. "सावकाश वाजली म्हणजे तुमी. धसमुसळी वाजली की नात." जप्तीनंतर मी आत पाऊल टाकले, तर दचकून ओरडली, "कोण हाय?" एवढ्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला प्रथमच विचारला गेला.

सचिवांना लिफ्टमध्ये गाठले. तेही आमच्याच भागातले, मूळचे पाथरीचे.

"काका, तुमी लय ताणायलात. एका घंटीसाठी?"

"अन् तू पाथरीचा असून घणघणाट लिहायलास? कानात बोळे घातलेत का?"

ते हसले आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून गेले.

आपण आलो हे आतल्या माणसाला न विचारता कळते, त्या जागेला मी आता घर म्हणतो. तेच माझ्याकडून काढून घेतले आहे.

तरी जाहीर मागणी : येत्या सर्वसाधारण सभेत सचिवांनी ती घंटी स्वतःच्या हाताने हलवावी आणि सर्व सभासदांसमोर उत्तर द्यावे, हा घणघणाट की किणकिण? उत्तर पाथरीच्या बोलीत द्यावे. माझी पत्नी पहिल्या रांगेत ऐकायला बसलेली असेल.