जिवंतपणीचा रंग

“एवढी शिकलीस आणि शेवटी माश्याच मारायला चाललीस,” असं म्हणून बाबा विमानतळाच्या दारात मोठ्याने हसले. शेजारी आई रडत होती, म्हणून ते जरा जास्तच हसत होते. माश्या नव्हेत, टाचण्या, चतुराच्या सडपातळ बहिणी, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. तेव्हा मला रागच आला. सामानाची ट्रॉली ढकलत मी आत निघून गेले.

हे दोन हजार पाचच्या सुमाराचं. नॉटिंगहॅमच्या विद्यापीठात माझ्यापुढे पेरू देशातल्या टाचण्यांचे खोके ठेवले गेले. तिथल्या जंगलातल्या ओढ्यावर कुणीतरी फार पूर्वी पकडलेल्या, कागदी पाकिटात मिटून ठेवलेल्या, अजून नाव नसलेल्या. नराच्या शेपटीच्या टोकाला बारीकसा चिमटा असतो आणि तो प्रत्येक जातीचा वेगळा. मायक्रोस्कोपखाली तो चिमटा मी ओळखीच्या सगळ्या जातींशी ताडून पाहिला. कुणाशीच जुळेना. जात नवीन होती!

मी आनंदाने घरी फोन केला. बाबांनी विचारलं, “दिसते कशी?”

“तपकिरी.”

“अगं, इतक्या लांब जाऊन तपकिरी?”

टाचणी मेली की बहुतेक वेळा तिचा रंग उडतो, हे त्यांना कसं सांगू? निळी असो की लाल, शेवटी चहाच्या चोथ्यासारखी होते. माझी मार्गदर्शक मार्गारेट म्हणाली होती, “जिवंतपणीचा रंग माहीत नाही, असंच लिही. अंदाज करायचा नाही.”

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. आईने फोनवर एवढंच विचारलं, “कधी निघतेस?” माझा पासपोर्ट व्हिसा वाढवण्यासाठी क्रॉयडनच्या सरकारी कचेरीत गेलेला होता. तो हातात येईपर्यंत कोल्हापुरात सगळं उरकलं होतं.

पासपोर्ट आला, तरी मी तिकीट काढलं नाही. सगळ्यांना सांगितलं, डेडलाइन आहे. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. ती टाचणी मी फक्त मेलेली पाहिली होती आणि बाबांना फक्त जिवंत. मी जात नव्हते तोवर ते होते. ट्राममध्ये पुढच्या सीटवर मफलर गुंडाळलेली म्हातारी मान दिसली, की माझा स्टॉप येऊन जायचा आणि मी बसून राहायचे. त्या माणसाने तेवढं मागे वळू नये, असं वाटायचं.

जातीचं वर्णन छापून आलं. पंखांच्या शिरा, शेपटीचा चिमटा, सगळं बारकाईने लिहिलेलं. रंगापुढे मात्र, माहीत नाही.

आई फोनवर म्हणाली, “येऊन जा गं. तू आल्याशिवाय मलाही धड रडता येत नाही.”

मग मी गेले. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे उशिरा परतले, त्यांना हे ठाऊक असेल. जिथे गेल्यावर आपलं माणूस खरोखर जातं, ते घर. म्हणूनच तिथे जायला पाय उचलत नाहीत, आणि म्हणूनच जावं लागतं.

पूर्वी दर सुट्टीत मला स्टँडवरून आणायला बाबा यायचे. मी जिना चढून पुढे जायचे आणि ते माझी बॅग घेऊन कुरकुरत मागून यायचे. या वेळी आईने दार उघडलं, मला जवळ घेतलं आणि सवयीने माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं. मीही वळून पाहिलं. खालच्या पायरीवर बॅग तशीच होती. ती तिथे ठेवून मी वर आले होते.

आईने मिठी सोडली. मग म्हणाली, “जा, आण. आता तूच आणायची.”