भटारखान्याचा दुसरा चॅनल

आमच्या मंगल कार्यालयात हॉल वरच्या मजल्यावर आणि भटारखाना तळघरात आहे. मधे एक अरुंद जिना. पंगत बसली की आई हॉलच्या दाराशी उभी राहते. कुठल्या रांगेत काय संपत आलंय ते तिला पानांकडे नुसतं बघून कळतं. ते खाली आचारीकाकांना सांगायला पूर्वी ती जिन्याच्या कठड्यावरून ओरडायची. "मठ्ठा!" "भात वर येऊ दे!" हॉलमध्ये सनई लावलेली असली तरी तो आवाज तळघरापर्यंत जायचा.

मागच्या वर्षी तिच्या स्वरयंत्रावरची गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, हळू बोला, कुजबुजू नका, आणि ओरडायचं तर अजिबात नाही. परत ओरडलात तर आत्ता आहे तेवढा आवाजही टिकेल याची खात्री मी देत नाही. बाबांचं मत पडलं की तिने आता ऑफिसात बसून बुकिंग बघावं, हॉलवर आपण मॅनेजर ठेवू. ऑपरेशननंतरचे ते पहिले दिवस, आईला तेव्हा बोलायची पूर्ण बंदी होती. तिने फोनवर टाइप करून त्यांच्यापुढे धरलं: 'मी बसणार नाही.'

कार्यालयात चार जुने वॉकीटॉकी होतेच. काळे, जाडजूड, वर एक गोल बटण आणि बाजूला बोलायची पट्टी. इतके दिवस ते पार्किंगवाले आणि आचारीकाका वापरायचे, आता एक आईच्या कमरेला आला. पट्टी दाबून ती नेहमीच्या आवाजापेक्षाही हळू बोलायची आणि खाली शेगड्यांच्या भिंतीवर टांगलेल्या सेटमधून ते मोठ्याने ऐकू यायचं. तळघरात मोबाईलला रेंज नाही. नवे छोटे सेट आम्ही आणून पाहिले, पण त्यांचा आवाज स्लॅब ओलांडून वर येईना. म्हणजे जुन्यांवाचून गत नव्हती.

दिवाळीनंतर शेजारच्या प्लॉटवर इमारतीचं काम सुरू झालं आणि त्यांची क्रेन आमच्याच फ्रिक्वेन्सीवर बोलायला लागली. एका लग्नात आई म्हणाली, "जिलबी पाठवा." सेटमधून उत्तर आलं, "कितना भेजूं?" आचारीकाकांनी खालून विचारलं, "हा कोण आणि?" त्यावर तो क्रेनवाला म्हणाला, "नीचे ले, और नीचे." तेव्हा आम्ही सगळे हसलो. पुढच्या लग्नात कोणी हसलं नाही, कारण दोघं एकदम बोलले की फक्त खरखर ऐकू येते. पंगत कढीसाठी थांबली. आई जिन्याकडे गेली आणि दोनदा ओरडली. तीन दिवस तिच्या घशातून नीट शब्द निघाला नाही. बाबांनी मॅनेजरसाठी दोन माणसांना भेटायला बोलावलं.

वॉकीटॉकीच्या परवान्याच्या कागदावर आम्हाला दोन फ्रिक्वेन्सी दिलेल्या होत्या. विक्रेत्याने सेटमध्ये त्यातली एकच भरली होती. दुसरी भरायची तर सेट केबलने कॉम्प्युटरला जोडावा लागतो. विक्रेत्याने दुकान केव्हाच बंद केलं होतं, पण जाताना त्याची केबल बाबांना देऊन गेला होता. तिच्या एका टोकाला सेटमध्ये जाणारी दोन पिनांची खास खुंटी, मधे एक डबी आणि दुसऱ्या टोकाला जुन्या कॉम्प्युटरचा नऊ छिद्रांचा रुंद प्लग. माझ्या लॅपटॉपला असलं काही बसत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आहे आणि घरून सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, म्हणून हे आपोआप माझ्याकडे आलं. दुकानात जाऊन वस्तू मागणं हा त्यातला मला अवघड भाग. तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात, मी काउंटरवरच्या माणसाला केबलचा फोटो दाखवला.

"सेट कुठल्या सालचे?"

"नक्की माहीत नाही."

"मग इथे कशाला आलात? केळकर रस्त्याला जुन्या वस्तूवाले बसतात, तिथे विचारा." हे म्हणत असतानाच त्याने खणातून यूएसबीचा कन्व्हर्टर काढून पुढे ठेवला होता.

तो लावला, पण सेट उत्तर देईना. मधली डबी जुन्या प्लगमधून वीज ओढून चालायची आणि मीटर लावून पाहिलं तर कन्व्हर्टर तिला पुरेशी वीज देत नव्हता. उपाय एकच होता. डबी काढून टाकायची, सेटकडची खुंटी तेवढी ठेवायची आणि तिच्या वायरी थेट एका छोट्या यूएसबी बोर्डला जोडायच्या. मी परत त्याच दुकानात जाऊन बोर्ड आणला.

आई जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली. मी कटर हातात घेतला होता.

"कापायलाच हवी का गं?"

"हो."

"दुसरी मिळते?"

"नाही मिळत."

तिने केबल टेबलावर सरळ करून धरली. मग म्हणाली, "मग नीट काप."

आत तीन वायरी निघाल्या. एक पाठवायची, एक ऐकायची, एक ग्राउंड. कुठली कुठली ते मल्टीमीटरने शोधलं. बोर्डची पाठवणारी वायर सेटच्या ऐकणारीला जोडायची असते, मी तशा त्या अदलाबदल करून सोल्डरने डागल्या. खुंटीच्या दोन पिना तारेने एकमेकींना जोडून मी लॅपटॉपवर अक्षरं टाइप केली. तीच अक्षरं परत स्क्रीनवर आली, म्हणजे केबल शेवटपर्यंत ठीक होती.

सेट मात्र गप्प. चारही. मी वायरींची अदलाबदल केली, परत पहिल्यासारख्या केल्या, पिनांच्या कडा कानशीने घासल्या. खुंटी आत जाताना दिसायची, पण जराशी बाहेर राहायची. शेवटी मी सेटच्या भोकात टॉर्च मारला. तळाशी पिवळट, दगडासारखं काहीतरी होतं.

मी सेट घेऊन भटारखान्यात गेले. आचारीकाका कोथिंबीर निवडून घेत होते.

"काका, या भोकांत काय आहे?"

"कणीक."

"कणीक?"

"वाफ जाते ना आत. सेट खराब झाले असते तर तुमचे बाबा मलाच बोलले असते. झाकण नाही का बुजवत आपण पातेल्याचं? तसंच बुजवलं. इतकी वर्षं चालले की नाही?"

"चारही?"

"कुठला सेट कधी माझ्याकडे येईल काय सांगता येतं? वरची निघाली असेल, आतली राहिली. का, इंजिनिअरबाई, त्यात भोकाचं काय काम असतं?"

मी म्हटलं, "असतं थोडं."

आईच्या साडीची पिन आणि औषधाच्या दुकानातलं स्पिरिट घेऊन मी चारही भोकं कोरली. कणीक भुकटी होऊन वर्तमानपत्रावर पडत होती. पहिल्या सेटला खुंटी टक्क करून बसली आणि स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकायला लागली. आधी सेटमधलं जुनं सगळं लॅपटॉपवर उतरवून ठेवलं, मग दुसरी फ्रिक्वेन्सी भरली आणि वरचं गोल बटण दुसऱ्या चॅनलवर फिरवलं. बाकीचे तीन त्याच दुपारी झाले. बाबा येऊन बघून गेले आणि म्हणाले, "लग्नात चालले तर खरं."

त्या रविवारच्या लग्नात मॅनेजरच्या जागेसाठी बोलावलेले एक गृहस्थही हॉलमध्ये उभे होते, इस्त्रीच्या शर्टात. पहिली पंगत नीट झाली. आई सेट तोंडाशी धरून बोलायची, खालून काकांचं "हो वहिनी" यायचं, मधे कोणी क्रेन नाही. वाढप्यांत काही वर्षभराने परत आलेले होते, त्यांना मात्र चैन पडेना. त्यातला एक मला हळूच विचारून गेला, "मॅडम चिडल्यात का? आज ओरडत नाहीयेत."

दुसऱ्या पंगतीला भात लांबला. ताटं रिकामी होती, वरपक्षाचे एक काका मान उंच करून बघत होते. आई तरातरा जिन्याकडे निघाली, हात कठड्यावर, तोंड उघडलेलं. मी तिच्या मागेच होते. बोलून ती थांबली नसती. तिने तोंड मिटलं. कमरेचा सेट काढला, पट्टी दाबली आणि बसलेल्या पण स्वच्छ आवाजात म्हणाली, "अहो, भात कुठवर आला? माणसं हात वाळवत बसलीत."

"जिन्यात आहे, वहिनी. बघा खाली."

खरंच पातेलं घेऊन दोघं वर येत होते. आई बाजूला झाली, त्यांना वाट दिली आणि परत दाराशी आपल्या जागी जाऊन उभी राहिली. बाबा त्या इस्त्रीच्या शर्टवाल्या गृहस्थांना म्हणाले, "तुम्ही जेवून घ्या."