शेवटच्या कडव्यातलं नाव

शिरूर कासार. गावाच्या नावातच कासार, आणि बाजारात बांगड्या भरायला मात्र ख्वाजा मणियार. हा विनोद गेली तीस वर्षं प्रत्येक नवा माणूस आपल्यालाच सुचल्यासारखा त्याला ऐकवतो आणि ख्वाजाही पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसतो. माणूसच तसा. समोरच्याला बरं वाटावं म्हणून स्वतःचं जाईल ते जाऊ द्यायचं, ही खोड त्याला बापाकडून लागली. लोक तिला अदब म्हणतात. मला विचाराल तर असल्या अदबीला गळ्यात धोंडा बांधून विहिरीत ढकललं पाहिजे.

बांगडी भरणं दिसतं तितकं सोपं नाही. काचेची बांगडी अंगठ्याखालच्या हाडावर येऊन अडते. तिथं बाईनं हात ताठ केला की गेलीच काच, आणि नुकसान भरणाऱ्याचं. म्हणून ख्वाजाचा बाप बांगडी भरताना गायचा. बाई गाण्यात गुंतली की हात आपोआप ढिला पडतो. शिवाय शेवटच्या कडव्यात तो त्या घरच्या धन्याचं नाव गुंफायचा. ‘अमुक म्हणे’ असं नाव आलं की उखाण्यात घेतल्यासारखी बाई लाजायची, सोबतच्या बायका फिदीफिदी हसायच्या, आणि सहा भरायला आलेली बारा भरून जायची. बाप सांगायचा, ज्याच्या दारात बसलास त्याचं नाव घे. आपलं नाव आपल्याच तोंडानं घेऊ नये, ते हलकं दिसतं. ख्वाजानं हे असं पाळलं की पन्नाशी उलटली तरी स्वतःच्या एकाही गाण्यात त्यानं स्वतःचं नाव घातलं नाही.

आणि गाणी सगळी त्याची स्वतःची होती. वही नाही, कागद नाही. शाळा पहिलीतच सुटली होती. सायकलला बांगड्यांची पेटी बांधून या गावातून त्या गावात जाताना तो ओळी जुळवायचा आणि पुढच्या दारात गाऊन बघायचा. बाईचा हात ढिला पडला तर गाणं ठेवायचं, नाहीतर सोडून द्यायचं. घरात बोली दखनी, पण गाणी मराठी, कारण गिऱ्हाईक मराठी.

त्यातलं एक गाणं मात्र त्याच्या सायकलीच्या पुढे निघून गेलं. दसऱ्याच्या सुमाराला इथल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. निघायच्या आधी बायका हातभर बांगड्या भरून घेतात आणि उन्हाळ्यात परत येतात त्या मोकळ्या मनगटांनी. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणतात. ख्वाजानं तेच उचललं होतं:

बारा भरल्या दसऱ्याला गं, फडात वाढल्या दहा,
दोन घेऊन आली घराला, हात बाईचा पहा.

बायकांनी हे गाणं कारखान्यावर नेलं. तिथल्या कोप्यांमध्ये, पाचटाच्या झोपड्यांत गायलं, मोबाइलात भरून घेतलं. एका वर्षी तर कोल्हापूरकडच्या कुणी बाईनं त्यावर नाचून दाखवलं, आणि ते ख्वाजाच्या मांजरसुंब्याला गॅरेज चालवणाऱ्या पोराच्या, शहेबाजच्या फोनवर येऊन पोचलं. शहेबाजनं हसून ते बायकोला दाखवलं. त्याची बायको आयशा हसली नाही.

आयशा बारावी झालेली, आणि नुसती झालेली नाही, डोक्यानं चालणारी. तिनं आठवडाभर फोनमध्ये तोंड घालून माहिती काढली आणि सासऱ्यासमोर येऊन बसली.

“अब्बा, गाणी विकता येतेत.”

“गाणं काय बांगडी हाय का, डझनावर विकायला?” ख्वाजा म्हणाला.

“बांगडी एकदा विकली की गेली. गाणं किती बी बार विकतंय.”

तिनं समजावून सांगितलं. गाण्याच्या ॲपवर आपण थेट जाऊ शकत नाही. मधे एक पोचवणारी कंपनी असते. तिथं वर्षाची फी भरून खातं उघडायचं. गाणं, चौकोनी फोटो, गायकाचं नाव, कवीचं नाव, चाल कुणाची ते भरायचं. मग कंपनी प्रत्येक गाण्याला गाडीच्या नंबरसारखा एक नंबर देते आणि ते सगळ्या दुकानांत मांडते. शिवाय आपलं स्वतःचं एक पान असतं. कुणाला गाणं विकत घेऊन ठेवायचं असेल तर तिथून घ्यावं, किंमत आपण ठरवायची. ख्वाजाला त्यातलं निम्मं कळलं. ‘कवीचं नाव’ हे मात्र त्यानं दोनदा विचारून घेतलं.

मग आतल्या खोलीत काम सुरू झालं. दाराला गोधड्या, खिडकीला गोधड्या, पंखा बंद. आयशाचा फोन डब्याला टेकवून ठेवायचा आणि ख्वाजा घामानं निथळत गायचा. अशी अकरा गाणी झाली. स्वतःच्याच घरात बसून गायचं, तर शेवटच्या कडव्यात कुणाचं नाव घ्यायचं? त्यानं सुनेचं घेतलं. अकराही गाण्यांत ‘आयशा म्हणे’. आयशाला इतकं गोड वाटलं की यात काही धोका आहे हे त्या हुशार पोरीच्याही ध्यानात आलं नाही.

गाणी चढली. बारा दिवसांनी पुण्याच्या कुणा बाईनं एक विकत घेतलं. आयशानं फोन पुढे धरून बोट ठेवलं, “हे बघा अब्बा, इथं लिव्हलंय. गीत, संगीत, आवाज, ख्वाजा मणियार.” ख्वाजानं ती अक्षरं तिच्याकडून तीन वेळा वाचून घेतली. आधारकार्ड आणि रेशनकार्ड सोडलं तर त्याचं नाव आजवर कुठंच छापून आलं नव्हतं. पैशाचं त्यानं विचारलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून संध्याकाळी पेटी उतरवली की पहिला प्रश्न, “नाव हाय ना आजून?”

बांगड्यांचं गाणं मात्र मागं ठेवलं होतं. सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं, ते गोधड्यांत नको, नीट व्हावं, असं आयशाचं म्हणणं. बीडमध्ये सोमेश्वर नावाच्या माणसाचा स्टुडिओ होता. लग्नाची, जयंतीची, निवडणुकीची, सगळी गाणी तो करायचा. यांचं ऐकून तोच म्हणाला, “चाचा, तुमच्याकडून फी घ्यावी का? या तुमी, फुकट करू.” चहा झाला, नाश्ता झाला, एसी लावला. ख्वाजा विरघळला. एवढं करणाऱ्या माणसाला द्यायला त्याच्याकडे काय होतं? जे होतं ते त्यानं दिलं. शेवटच्या कडव्याला आला आणि गायला:

सोमेश्वर म्हणे, बाई गं, उरल्या दोन तरी जपत राहा.

काचेपलीकडून सोमेश्वर म्हणालासुद्धा, “अवो चाचा, माझं नाव कावून?”

“छप्पर तुमचं हाय,” ख्वाजा म्हणाला, “मंग नाव कुणाचं घ्यू?”

सोमेश्वरनं पुन्हा विचारलं नाही.

दोन महिने गाणं येईना. फोन केला की ‘काम चालू हाय, चाचा’. शेवटी त्यानं फाइल धाडली. आयशानं फॉर्म भरून ती चढवली आणि तासाभरात कंपनीनं ती परत धाडली. हे गाणं आधीच दुसऱ्याच्या नावानं नोंदलेलं आहे, असं कंपनीचं म्हणणं. आयशानं शोधलं तर सहा आठवड्यांपासून गाणं सगळीकडं लागलं होतं. गीत सोमेश्वर. संगीत सोमेश्वर. खाली बारीक अक्षरांत, आवाज, ख्वाजा चाचा. आडनावसुद्धा नाही.

सासरा आणि सून दुसऱ्याच दिवशी जीपनं बीडला गेले. वाटेत आयशा काय काय बोलायचं ते घोकत होती. सोमेश्वरनं उठून खुर्ची दिली, चहा मागवला.

“तुमी चोरी केली, भाऊ,” आयशा म्हणाली.

“चोरी?” सोमेश्वरला जणू खरंच वाईट वाटलं. “ताई, मी एक शब्द तरी बदलला का? चाचानं जसं गायलं तसं ठिवलंय. तुमीच ऐका.” त्यानं शेवटचं कडवं लावलं. खोलीभर ख्वाजाचाच आवाज घुमला, सोमेश्वर म्हणे. “गाण्याच्या शेवटी नाव कुणाचं असतंय? कवीचंच ना? हे चहा आणणारं पोरगं बी सांगंल. मी तर नको म्हणत होतो, चाचाला इचारा.”

ख्वाजा खाली बघत होता. आयशानं त्याच्याकडं पाहिलं, की आता तरी हा माणूस ओरडेल. तो म्हणाला, “म्हणत होते ते. खरं हाय.” आणि चहा संपवला. स्वतःचं घर लुटणाऱ्याच्या बाजूनं साक्ष देणारा असा माणूस बघितला की दया येत नाही, संताप येतो. आयशाला दोन्ही आलं.

तरी तिनं सोडलं नाही. कंपनीला तक्रार लिहिली. कंपनीचं उत्तर सभ्य होतं. गाणं तुमचं असल्याचा जुना पुरावा द्या, लिखाण किंवा जुनं रेकॉर्डिंग. लिखाण कुठलं असणार! पण रेकॉर्डिंग बायकांच्या फोनमध्ये असणारच, म्हणून ती शोधायला निघाली. टोळ्या नुकत्याच परतल्या होत्या. एका वस्तीवर मनिषा नावाच्या ऊसतोड करणाऱ्या बाईकडं तीन वर्षांपूर्वीचं सापडलं. ख्वाजा तिचा हात धरून गातोय, तारीख स्पष्ट. आयशानं तिला मिठीच मारली.

“लाव की पुरं,” मनिषा म्हणाली. “शेवटाला आमच्या मालकाचं नाव हाय.”

लावलं. गहिनीनाथ म्हणे, बाई गं, उरल्या दोन तरी जपत राहा.

मनिषा पदरात तोंड लपवून हसली. आयशा तिथंच ओट्यावर बसली.

पुढच्या आठ दिवसांत आणखी चार सापडली. एकात नाथा म्हणे, एकात बंकट म्हणे, एकात सिदू. सगळ्यांत जुन्यात आवाज खरखरीत, पण कडवं साफ ऐकू येत होतं. सावित्रीबाई म्हणे. ती विधवा होती, लेकीला बांगड्या भरायला घेऊन आलेली, म्हणून ख्वाजानं तिचंच नाव घातलेलं. पाच रेकॉर्डिंगं, पाच नावं, आणि ज्याचं गाणं त्याचं एकातही नाही. तीस वर्षं हा माणूस दारोदार आपलं गाणं दुसऱ्याच्या नावावर करत फिरला होता, तेही हसत हसत. सोमेश्वरनं फक्त ते कागदावर आणलं.

आयशानं पाचही पाठवली, सोबत ही रीत समजावणारं लांबलचक पत्र लिहिलं. कंपनीत कुणी वाचलं असेल तर देव जाणे. उत्तर चार ओळींचं होतं. पुराव्यांत वेगवेगळ्या व्यक्तींची नावं कवी म्हणून येत आहेत, तुमचं येत नाही. म्हणून आधीची नोंद कायम. तुम्हाला हे गाणं दुसऱ्याची रचना म्हणून, मूळ कवीच्या परवानगीनं विकता येईल. पुन्हा स्वतःचं म्हणून चढवलंत तर खातं बंद होईल.

मूळ कवीनं परवानगी लगेच दिली. फोनवर हात जोडल्याची चित्रं आली आणि खाली मजकूर, ‘चाचा, इचारायचं काय त्यात? गाणं तुमचंच समजा.’

हे वाचून दाखवलं तेव्हा ख्वाजा पेटीतल्या बांगड्या मापानं लावत होता. त्यानं सव्वादोन मापाच्या बांगड्यांची माळ हातात तशीच धरून ठेवली. मग म्हणाला, “गोधड्या बांध.”

गोधड्या बांधल्या. ख्वाजा गायला बसला. पहिली कडवी नेहमीसारखी वाहत आली, शेवटच्याला मात्र तो अडला. ‘ख्वाजा’ म्हणायचा आणि थांबायचा. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, पुन्हा तिथंच येऊन अडायचा. सोमेश्वरचं नाव पहिल्याच दमात आलं होतं, आणि स्वतःचं घ्यायला ह्या माणसाला नऊ वेळा बसावं लागलं. नवव्या वेळी ते आलं. हळू, दबलेलं, पण आलं. ख्वाजा म्हणे, बाई गं.

आयशानं तिथंच बसून फॉर्म भरला. शेवटच्या पानावर ती थांबली.

“अब्बा, इथं इचारतेत, हे गाणं तुमचं स्वतःचं हाय का. ‘न्हाई’ दाबलं तर गाणं वर चढंल. कवी म्हणून त्याचं नाव लागंल, गायक म्हणून तुमचं.”

“आन ‘हो’ दाबलं तर?”

“खातं बंद. बाकीची अकराच्या अकरा बी जातील. ती तर आपल्या नावानं हायती ना, अब्बा? ती तरी ठिवू.”

ख्वाजानं हात पुढं केला. आयशाला वाटलं, बघायला मागतोय, म्हणून तिनं फोन दिला. वाचता येत नव्हतं तरी डावीकडचं कोणतं आणि उजवीकडचं कोणतं, ते त्यानं विचारून घेतलं. मग काचेची धार तपासावी तसं बोट हळूच टेकवलं आणि ‘हो’ दाबलं.

उत्तर यायला तास लागला नाही. आयशानं त्याचं पान उघडून बघितलं. गाणी नव्हती, फोटो नव्हता, नाव नव्हतं. ती रडायला लागली.

“मी सांगितलं व्हतं, अब्बा. सांगितलं व्हतं ना मी?”

“सांगितलं व्हतंस,” ख्वाजा म्हणाला. “पर माझंच हाय ना ते.”